कला येते का ते सोडा, काम कुठलं जमतं ते बघा

श्रावण लागला की गोव्यातल्या कुठल्याही वाड्यावर एक वाक्य हमखास कानी पडतं, 'आमच्या अंगात कला-बिला काही नाही, आम्ही आपले बघणारे.' असं म्हणणारा बाप्या दर चवथीला घरची माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, जवळजवळ एकट्याने बांधतो. म्हणणारी बाई नेवऱ्यांना (करंज्यांना) अशी मुरड घालते की कढईत एकही फुटत नाही. थोडा विनय असेल त्यात, पण बराचसा भाग म्हणजे स्वतःची खरोखरच नसलेली ओळख. शाळेत चित्रकला, गायन, नृत्य, अभिनय एवढेच कप्पे होते. त्यांत बसलो नाही की आपल्यापुरता विषय मिटला.

माझं म्हणणं इतकंच की हे कप्पे फार मोठे आहेत. भजनाचंच घ्या. सूर लागणं वेगळं, लय धरणं वेगळं, अभंग पाठ असणं वेगळं. मुख्य गायकाच्या मागे आपला आवाज दाबून नेमका झेलणं वेगळं, आणि लोक कंटाळायच्या आत गजर कुठे सोडायचा हे कळणं आणखीच वेगळं. पाचही गोष्टी एकाच माणसात क्वचित सापडतात. आपलं बळ बहुधा अख्ख्या कलेत नसतं, तिच्यातल्या एखाद-दुसऱ्या कामात असतं. खाप्रुमामा पर्वतकर सारंगी वाजवत, तबला वाजवत, पण गोवा आणि गोव्याबाहेरचे जाणकार त्यांना ओळखतात 'लयभास्कर' म्हणून. नाव वाद्याचं नाही, लयीचं. एवढ्या मोठ्या माणसाची ओळख एका अंगावर उभी राहू शकते, तर आपण सगळी अंगं एकदम कशाला मागायची?

म्हणून 'मला मूर्ती करता येईल का' असं विचारून उपयोग नाही. गणपतीच्या चित्रशाळेत तासभर नीट बघत बसा. माती कुटून खडे वेचणारा एक असतो. त्याच्या बोटांना बारीक खडासुद्धा सलतो, आणि तो राहिला तर वाळताना तिथूनच भेग निघते हे त्याला ठाऊक असतं. दुसरा ओलीवर लक्ष ठेवतो. कान, सोंडेचं टोक, बोटं पातळ असल्यामुळे आधी सुकतात, पोट आणि पाट मागे राहतात. हा फरक वाढला की जोडाच्या जागी चीर जाते. म्हणून पातळ भागांवर ओलं फडकं टाकायचं, जोड देताना दोन्ही बाजू खरवडून मध्ये पातळ मातीचा चिखल भरायचा. पावसाळी हवेत वरून मूर्ती सुकलेली दिसते आणि आत ओल असते. घाईने पांढरा हात मारला की आठवड्याने रंगाचे पापुद्रे सुटतात. तर हे सगळं सांभाळणाऱ्याचं बळ आहे धीर आणि अंदाज. त्याला डोळे आखायला सांगितलं तर हात थरथरेल, त्यात कमीपणा काय?

डोळ्यांचं काम तर निराळ्याच माणसाचं. दोन्ही बुबुळं एकाच बिंदूवर रोखलेली हवीत आणि तो बिंदू मूर्तीपुढे पाटावर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीवर पडला पाहिजे. एक बुबुळ जरासं बाहेर गेलं की देव तिरळा दिसतो, दोन्ही वर गेली की दचकल्यासारखा. हे जमणाऱ्याला समोरचं चित्र दुरून कसं दिसेल ते आधीच दिसत असतं. अशा माणसाला रांगोळीत, चित्ररथाच्या पडद्यात, नाटकाच्या रंगभूषेत पटकन हात बसतो. माती मळण्यात मात्र तो आळशी असू शकतो. आणि बहुतेक असतोच.

लयीची परीक्षा घरबसल्या होते, तिला गुरू लागत नाही. फोनवर मेट्रोनोमचं कुठलंही फुकट ॲप घ्या, मिनिटाला 60 ठोके लावा. आठ-आठ मात्रांची दोन आवर्तनं त्याच्याबरोबर टाळी द्या, मग आवाज बंद करून आणखी दोन आवर्तनं एकट्याने द्या आणि परत आवाज चालू करा. टाळी ठोक्यावर पडली तर ठीक. मग हेच 45 वर करा, कारण खरी परीक्षा संथ लयीत होते. बहुतेकजण पुढे पळतात. मोकळी जागा सहन होत नाही म्हणून. जे मागे रेंगाळतात ते सहसा पुढचा शब्द आठवत असतात, म्हणजे त्यांची अडचण पाठांतराची असते, लयीची नसते. हा फरक कळला तरी अर्धं काम झालं. 45 वर जो टिकतो त्याने आरतीला समेळ (काठ्यांनी वाजवायचा ढोल) किंवा झांज मागून घ्यावी. घुमटावर, म्हणजे तोंडाला चामडं ताणलेल्या मातीच्या वाद्यावर, बोटं नाचवणारे पुष्कळ मिळतात, आरती शेवटपर्यंत एका चालीत ठेवणारा मिळत नाही.

घुमटाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. 2019 मध्ये राज्याने घुमटाला वारसा वाद्याचा मान दिला. तोवर घोरपडीचं चामडं कायद्याने बंद होऊन बराच काळ लोटला होता आणि बकऱ्याचं चामडं वापरात आलं होतं. पावसाच्या दिवसांत ते सैल पडतं, आवाज बसतो. मग ऊन नाहीतर मंद शेक द्यायचा, तोही बेताने. जास्त तापलं की चामडं तडकतं. किती शेकायचं हे थाप मारून कानाने ओळखणारा माणूस मंडळात एखादाच असतो. तो स्वतः वाजवत नाही म्हणून त्याला कोणी कलाकार म्हणत नाही. मला हे अजिबात पटत नाही.

माटोळीकडे तर मी माणूस ओळखायची जागा म्हणूनच बघतो. लाकडी चौकट आढ्याला टांगायची, केवणीच्या नाहीतर कुमयाच्या (ही रानझाडं) सालीचे दोर ओले करून गाठी मारायच्या. जड माल आधी आणि समोरासमोर: इकडे नारळाची पेंड (घोस) तर तिकडे सुपारीचं शिपटं, म्हणजे चौकट कलत नाही. मधली जागा मोकळी, नाहीतर मूर्ती झाकली जाते. फळं जून पण कच्ची घ्यायची. पिकायला आलेला केळीचा घड पाच दिवसांच्या गणपतीला तिसऱ्या दिवसापासून गळायला लागतो. हा सगळा खटाटोप बघताना चार जातीची माणसं दिसतात. रानात कांगलां, घागऱ्या, हरणाची फुलं कुठल्या वळणावर मिळतात हे जाणणारा. कुणी कधी काय आणायचं याचा हिशेब ठेवणारा. सुटणार नाही अशी गाठ मारणारा. आणि खाली उभा राहून 'ते तोरिंगाचं फळ वीतभर डावीकडे घे' म्हणणारा, ज्याला सगळे शिव्या घालतात. शेवटी त्याचंच बरोबर निघतं. पहिल्याचं बळ स्मरणाचं, दुसऱ्याचं बेताचं, तिसऱ्याचं हाताचं, चौथ्याचं नजरेचं. आपण यांपैकी कोण, हे ज्याचं त्याने तपासावं. उत्तर एका संध्याकाळी मिळतं.

नेवरीची मुरडही याच मापाने बघा. पारी एकसारखी लाटणं, सारण कडेपासून बोटभर आत ठेवणं, कडेला दुधाचा नाहीतर पाण्याचा हात लावणं आणि दर पेडाला अंगठ्याचा तेवढाच दाब देणं. पारी वाऱ्याने सुकली, सारणाचा कण कडेत अडकला किंवा दाब कमी-जास्त झाला तर नेवरी तेलात उघडते आणि मागून येणाऱ्या साऱ्या घाण्यांना करपट वास लागतो. हा हात मातीच्या दागिन्यांना, अबोलीच्या वळेसराला (गजऱ्याला), पुस्तकबांधणीला जसाच्या तसा चालतो. पण 'त्यात काय मोठंसं' म्हणून तो कधी मोजलाच जात नाही.

आणि हे 'त्यात काय मोठंसं' म्हणजेच खरी खूण. 1999 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात डेव्हिड डनिंग आणि जस्टिन क्रूगर यांनी विनोदाची पारख, तर्क आणि व्याकरण यांच्या चाचण्या घेतल्या होत्या. कच्च्या लोकांना आपण बरे आहोत असं वाटतं, एवढंच त्यातलं सगळीकडे सांगितलं जातं. दुसरी अर्धी गोष्ट जास्त कामाची आहे: जे खरोखर चांगले होते त्यांनी आपला क्रमांक खाली धरला, कारण आपल्याला सोपं जातं ते इतरांनाही जात असेल असं त्यांनी गृहीत धरलं. इतरांच्या उत्तरपत्रिका दाखवल्यावर त्यांचा अंदाज सुधारला. तेव्हा ज्या कामाबद्दल 'हे कुणालाही येईल' असं वाटतं ते शेजारच्या चार माणसांना करायला देऊन बघा. चौघेही अडले तर काय ते समजा.

इंटरनेटवरच्या चाचण्यांबद्दल थोडक्यात. ख्रिस्तोफर पीटरसन आणि मार्टिन सेलिगमन यांनी 2004 मध्ये माणसाच्या 24 चांगल्या गुणांची यादी मांडली. तिच्यात सर्जनशीलतेच्या बरोबरीने कुतूहल, चिकाटी, सौंदर्याची जाण हेही आहेत. यादी चांगली, शब्द मिळायला उपयोगी. पण प्रश्नांची उत्तरं आपणच देतो, त्यामुळे बाहेर येतं ते आपल्याच मनातलं आपलं चित्र. परीक्षा कामावर व्हायला हवी.

त्यासाठी साधी वही पुरे. चवथीच्या आधीचे पंधरा दिवस रोज रात्री पाच मिनिटं, तीन रकाने. पहिल्यात आज हाताने काय केलं, तेही बारीक: 'सजावट' असं लिहायचं नाही, 'थर्माकोलऐवजी पुठ्ठा कापला, गोल काढले, रंग जुळवला' असं. दुसऱ्यात त्यातलं कुठलं करताना घड्याळ बघितलं आणि कुठलं करताना विसरलो. तिसऱ्यात कोण काय विचारायला आलं. तिसरा रकाना सगळ्यांत खरा. 'छान झालंय' हे लिहायचं नाही, त्याला किंमत नाही. काकी नेवरी खाऊन छानच म्हणणार. 'उद्या आमच्याकडे येऊन एवढं करून देशील?' हे लिहायचं. लोक तोंडदेखली स्तुती करतात, पण अडल्यावर चुकीच्या माणसाकडे जात नाहीत. पंधरा दिवसांनी जे काम दुसऱ्या आणि तिसऱ्या दोन्ही रकान्यांत येतं त्याखाली रेघ ओढा. फक्त दुसऱ्यात असेल तर ती आवड आहे, तीही जपावी, पण मंडळाने त्यावर अवलंबून राहू नये. फक्त तिसऱ्यात असेल तर लोक तुम्हाला राबवून घेताहेत. हे बायकांच्या बाबतीत फार होतं, जरा सावध.

बक्षिसांवरून मोजू नका. कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेपासून गावच्या दिवाळीतल्या नरकासुराच्या पुतळ्यांपर्यंत स्पर्धा भरपूर, आणि त्या हव्यातच. पण परीक्षक अख्खा प्रयोग बघतो, त्यातलं तुमचं काम वेगळं काढून बघत नाही. विंगेतल्या प्रॉम्प्टरला कधी ढाल मिळालेली ऐकली आहे? नट मुद्दाम थांबला आहे की विसरला आहे, हे त्याच्या श्वासावरून ओळखून अर्ध्या क्षणात पहिला शब्द पुरवायचा. लवकर दिला तर नटाचा विराम मारला जातो, उशीर झाला तर प्रेक्षकांना कळतं. उत्सवी नाटकांत तालमी मोजक्या आणि नट दिवसभर नोकरीवर, त्यामुळे प्रयोग बऱ्याचदा या एका माणसाच्या कानावर उभा असतो.

रेघ ओढलेलं काम सापडलं की ते एकच मागून घ्या. 'काहीही सांगा, करीन' म्हणणाऱ्याला खुर्च्या उचलायला लावतात, दरवर्षी. चित्रशाळेत जायचं असेल तर शेवटच्या आठवड्यात जाऊ नका. तेव्हा रंगकामाची झोड असते, शिकवायला कुणाला सवड नसते. मातीच्या दिवसांत जा. आरतीवाल्यांकडे समेळ मागायचा असेल तर सराव सुरू होतानाच बोला. आणि नाटकात प्रॉम्प्टिंग हवं असेल तर पहिल्या वाचनाला हजर राहा, संहितेची प्रत आपल्या हातात घ्या आणि प्रत्येक नट कुठे थांबतो त्याच्या खुणा पेन्सिलीने करत जा, कारण रंगीत तालमीपर्यंत त्या जागा बदलत राहतात.