निवड यादीतला प्रवर्गाचा रकाना

पुण्यात स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या पुतण्याने गेल्या आठवड्यात मला इकडे, श्टुटगार्टला, एका निवड यादीचा फोटो पाठवला. नाव, गुण, उमेदवाराचा प्रवर्ग आणि शिफारस कोणत्या प्रवर्गातून झाली, असे तिचे रकाने होते. तीन ओळींवर त्याने लाल खूण केली होती, कारण त्या तिघांच्या नावापुढे 'इतर मागासवर्ग' असूनही शिफारस खुल्या प्रवर्गातून झाली होती. खाली लिहिले होते, 'काका, त्यांच्या जागा त्यांना आहेतच, आमच्याही तेच घेतात.' त्याची निवड दोन गुणांनी हुकली होती, त्यामुळे त्याचा राग मला समजतो. पण 'आमच्या' हा शब्द मला मान्य नाही.

इंद्रा साहनी खटल्यात 1992 साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले, की खुल्या स्पर्धेत स्वतःच्या गुणांवर निवडला गेलेला मागासवर्गीय उमेदवार राखीव जागांच्या हिशेबात धरायचा नाही. हे उलटे केले तर काय होईल, याचा पुतण्याने विचार केलेला नाही. महाराष्ट्रात इतर मागासवर्गाला 19 टक्के जागा आहेत. त्या समाजातल्या प्रत्येकाला तिथेच बसवले, तर ही किमान हमी न राहता कमाल मर्यादा होईल आणि उरलेल्या जागा आपोआप आमच्यासारख्यांसाठी राखीव होतील.

ही कल्पनेतली भीती नाही. उत्तर प्रदेशातील पोलीस शिपाई भरतीत इतर मागासवर्गातील एका महिलेला सुमारे 276.6 गुण होते, तर खुल्या महिला जागेवर सुमारे 274.8 गुणांवर निवड झाली होती. डिसेंबर 2020 मध्ये न्या. उदय लळित यांच्या खंडपीठाने हे चुकीचे ठरवले. महाराष्ट्रातही ऑगस्ट 2014 च्या परिपत्रकाने समांतर आरक्षणातील (प्रत्येक प्रवर्गाच्या आत महिला वगैरेंसाठी ठेवलेल्या जागांपैकी) खुल्या जागांवर अशीच वाट अडवली होती आणि ती दुरुस्त व्हायला डिसेंबर 2018 उजाडावा लागला. तेवढ्या चार वर्षांत किती जणींचे वय उलटून गेले असेल!

जर्मनीत किमान 20 नोकऱ्या असलेल्या आस्थापनेला 5 टक्के जागांवर गंभीर दिव्यांगत्व असलेल्या व्यक्ती घ्याव्या लागतात, नाहीतर भरपाईची रक्कम भरावी लागते. इथे माणूस कोणत्या वाटेने आला हे कोणी पाहत नाही, फक्त डोकी मोजतात. आपल्याकडच्या समांतर आरक्षणाचे गणितही असेच, म्हणजे गुणांवर आलेल्या महिला आधी मोजायच्या आणि कमी पडतील तेवढ्याच पुढे घ्यायच्या. सामाजिक, म्हणजे मागासवर्गांच्या आरक्षणात मात्र गुणांवर आलेला मोजायचा नाही. हा फरक न कळल्यामुळे निम्मी भांडणे होतात, असे माझे मत आहे.

मी स्वतः 2009 मध्ये इकडे आलो तेव्हा माझ्या जागेसाठी जर्मन किंवा युरोपीय संघातला योग्य उमेदवार नाही ना, याची सरकारी तपासणी झाली होती. जाहिरात सर्वांसाठी होती, पण माझा नंबर कायद्यानेच शेवटी होता. 'खुले' या शब्दाच्या आत कोणाची तरी मालकी दडलेली असली की बाहेरच्याला कसे वाटते, हे मला तेव्हा कळले; पुतण्याला ते अजून कळायचे आहे.

त्याच्या बाजूने एक मुद्दा मात्र खरा आहे. राज्यसेवेसाठी खुल्या उमेदवाराची वयोमर्यादा 38 आणि मागासवर्गीयाची 43 आहे. एकेचाळिसाव्या वर्षी सवलतीवर परीक्षेला बसलेल्याने पुढे खुल्या जागेवरही हक्क सांगावा का? न्यायालयाने 2010 मध्ये उत्तर प्रदेशच्या नियमांखाली हो म्हटले आणि 2017 मध्ये, नियमातच मनाई असलेल्या दुसऱ्या भरतीत, नाही म्हटले. म्हणजे उत्तर त्या त्या भरतीच्या नियमांत असते. माझ्या मते वयाची सवलत घेतलेल्याने राखीव जागेवरच राहावे. शुल्कात मिळालेल्या सवलतीवरून मात्र कोणाला अडवू नये, कारण पैशाने गुण वाढत नाहीत.

मी त्याला एवढेच लिहिले, की प्रवर्गाचा रकाना अंगठ्याने झाकून गुणांचा रकाना वरून खाली वाच. अर्ध्या तासाने त्याचे उत्तर आले, 'वाचला. त्या तिघांचे वय किती होते, तेवढे शोधतो.'