किल्लारीकडच्यांनी तरी असं बोलू नये

२०२५ च्या सप्टेंबरात सोयाबीन पाण्यात बुडालं, तेव्हा औसा तालुक्यातल्या माझ्या चुलतभावानं घरच्या ग्रुपवर लिहिलं, "हितं शेंगांना कोंब फुटलेत आन् दिल्ली फिजीला दवाखाना बांधून देतीय. आधी घरचं बघा म्हणावं." खाली अंगठ्यांची रांग लागली. मी राहतो फिजीच्या राजधानीत, सुवात. सगळ्यांना ते माहीत आहे, म्हणून तर जास्त लागलं.

२०२३ च्या मे महिन्यात पापुआ न्यू गिनीतल्या पोर्ट मोर्स्बीला भारतानं पॅसिफिकमधल्या १४ बेटदेशांना डायलिसिस केंद्रं, सागरी रुग्णवाहिका आणि खारं पाणी गोडं करणारी यंत्रं कबूल केली, फिजीला हृदयरोगाचं रुग्णालय. यातलं किती किनाऱ्याला लागतं ते बघूच. पण या पैशातून आमच्या शिवाराचा पंचनामा लवकर झाला असता, असं ज्याला वाटतं त्यानं तलाठ्याची वाट कधी बघितलेली नाही.

२०१६ मध्ये इथं फेब्रुवारीत विन्स्टन वादळ आलं, ४४ माणसं गेली. एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. मिरजेत कुणी 'आधी घरचं बघा' म्हणत रूळ अडवले असते, तर आपण त्यांना काय काय बोललो असतो ते इथं लिहिता येणार नाही.

आणि हे लिहिणारा भाऊ झोपतो कुठल्या घरात? १९९३ च्या ३० सप्टेंबरला किल्लारीच्या भूकंपात आमची माळवदं कोसळली. पुढं गावंच्या गावं उठवून नव्या जागी वसवली, त्यात जागतिक बँकेचा पैसा होता. तो देणाऱ्या देशांत गरीब नव्हते का? ती घरं कुणाला आवडली नाहीत, ही गोष्ट वेगळी. रस्ते पट्टीनं आखलेले, वाडा नाही, ढाळज नाही, भावकी या टोकाला न् त्या टोकाला. आबा मरेपर्यंत 'सरकारी घर'च म्हणायचे. इकडं फिजीतल्या वानुआ लेवू बेटावरचं वुनिदोगोलोआ गाव समुद्र आत येतोय म्हणून २०१४ मध्ये वर टेकडीकडं हलवलं. तिथल्या म्हाताऱ्यांशी बोलायला मला दुभाष्या लागला, पण घराबद्दलची कुरकुर आधीच समजली होती.

फरक एवढाच, की भूकंप कुणी केला नव्हता. समुद्र वाढवणाऱ्या धुरात या बेटांचा वाटा एक टक्काही नाही, आणि वर्षाला सर्वांत जास्त धूर सोडणाऱ्यांत आज भारत तिसरा आहे. माणशी काढला तर आपण खूप खाली येतो, हे मी इथल्या लोकांना सांगतो. भावाला नाही सांगत.

इथं मदतीचं कुणाला अप्रूप नाही. सुवातल्या स्टिन्सन परेड रस्त्यावरचा पूल चीननं बांधून दिला, त्यावरून रोटी पार्सल खात जाताना कुणी चीनची आरती ओवाळत नाही. देणाऱ्याची गरज घेणाऱ्यापेक्षा मोठी असते, हे इथला शेंबडा पोरगाही ओळखून आहे. आमच्याकडच्या पदवीधरांना ते अजून सांगावं लागतं.

भावाचं उत्तर आलं, "दादा, तू आता तिकडचा." तिकडचा कसला! १८७९ पासून जहाजानं आलेल्या गिरमिटियांची, म्हणजे भारतातून करारावर आणलेल्या मजुरांची, नातवंडं-पतवंडं मला 'इंडियावाला' म्हणतात आणि परक्यासारखी आदरानं वागवतात. बहुतेक जमीन इथल्या मूळ लोकांची, ती विकतच नाहीत. गावाकडं सातबारावर माझं नाव आहे, पण पेरणी कशाची करायची हे मला कुणी विचारत नाही.

पूर ओसरल्यावर मी त्याला बियाण्यासाठी पैसे पाठवले. "मिळाले, आभारी आहे, हिशोब पाठवतो," असं त्यानं कळवलं. भावाभावांत आभार कसले, म्हणून मी चिडलो. हिशोब आला तो मात्र ओळ न् ओळ वाचला, आणि खताची पावती दिसत नाही, असं विचारलंसुद्धा.