यादीत मुंबईचा प्लेग हवा होता

महामारीतला धंदा आणि शहरं यांवर शनिवार-रविवारसाठी सुचवलेल्या वाचनात १८९६चा मुंबईचा प्लेग नाही, हे फार खटकलं. तो सापडला मांडवीत, जिथे धान्याच्या वखारी आणि दाटीच्या चाळी भिंतीला भिंत लावून होत्या. जनगणना उघडा: १८९१ला ८,२१,७६४ माणसं, १९०१ला ७,७६,००६. कामगार गावी निघाले की गिरणीच्या चात्या थांबतात.

मग प्लेगनंतर शहराची दाटी कमी करायला १८९८ला स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचे वार्षिक अहवाल घ्या. पाडलेल्या खोल्या आणि बांधलेल्या खोल्या शेजारी शेजारी मांडा, भाडंही बघा. ट्रस्टने प्रिन्सेस स्ट्रीट हा नवा रस्ता काढला, समुद्राचा वारा आत आला, पण उठवलेली माणसं जवळच्याच चाळींत कोंबली गेली. गर्दी नुसती सरकली. ट्रस्टने आखलेले दादर-माटुंग्याचे प्लॉट त्या माणसांना परवडणारे नव्हतेच.