आज्जाची पेटी आणि मारिओचं टुणटुण

परवा कट्ट्यावर एकानं ठोकून दिलं, "जुन्या व्हिडिओ गेमचं म्युझिक म्हणजे नुसतं टुणटुण, त्यात कसली आलीय कला?" तिथं गप्प बसलो. इथं बसणार नाही.

नव्वदच्या दशकात शहापुरातल्या आमच्या घरी नकली टीव्ही गेम आला. पिवळी कॅसेट, फुंकर मारून बसवायची. करंट आला की मारिओ, म्हणजे उड्या मारत पळणाऱ्या गड्याचा गेम, सुरू. आज्जा एकादशीच्या भजनात पेटी वाजवायचा. एकदा मागं बसून ऐकत होता. म्हणाला, "तू उडी मारलास की जोडीचा सूर गायब होऊलालाय बघ."

मला ते खरं काय आहे हे कळायला वीस वर्षं लागली. आमचा गेम ज्याची नक्कल होता त्या १९८३ च्या जपानी फॅमिकॉम या टीव्ही गेमच्या चिपमध्ये आवाजाचे पाचच चॅनेल, म्हणजे एका वेळी वाजू शकणारे पाचच आवाज. दोन चौकोनी लहरींचे, एक त्रिकोणी, एक नुसत्या खरखरीचा आणि एक रेकॉर्ड केलेल्या आवाजाच्या तुकड्यांसाठी. भजनी मंडळच म्हणा की: दोन पेट्या, खाली खर्ज आणि टाळ. उडीचा आवाज वेगळा कुठून काढणार? तो एका पेटीच्याच जागी घुसतो, तेवढ्यापुरती ती पेटी बंद. संगीतकार कोजी कोंडोनं १९८५ मध्ये सुपर मारिओ ब्रदर्सची चाल बांधली ती असल्या घुसखोरीला धरून. पाचवा चॅनेल तर त्यानं वापरलाच नाही. अख्खा गेम ४० किलोबाइटचा! आज व्हॉट्सअ‍ॅपवरचा गुड मॉर्निंगचा फोटो सुद्धा त्याहून जड असतो. तेवढ्यात पाण्यातली चाल तीनच्या वजनात डोलते, आणि गेममधली उरलेली वेळ शंभराच्या खाली आली की लय चढते. भजनात शेवटी पखवाजवाला पेटतो तशी.

लय चढवायची युक्ती त्याहून जुनी. १९७८ च्या स्पेस इन्व्हेडर्स या गेममध्ये खाली उतरणारे चारच सूर, पण शत्रू कमी होतील तसे ते जलद होतात आणि हाताला घाम सुटतो. चार सुरांत छातीत धडधड भरवून दाखवा, मग बोला. आणि सूर एकत्र वाजवायला चॅनेल पुरत नसतील तर? मग ते एकामागून एक इतक्या झपाट्यानं फिरवायचे की कानाला एकत्रच वाटावेत. कमोडोर ६४ या जुन्या घरगुती कॉम्प्युटरवाल्यांनी तर त्यात जीव ओतला. तीन आवाजांची चिप होती त्यांची.

आता एक कबुली. मोठेपणी मूळ मारिओ ऐकला तेव्हा मला तोच खोटा वाटला! आमच्या पिवळ्या कॅसेटवरचा सूर बारीक, नाकातला. नंतर कळलं, बऱ्याच नकली चिपांत चौकोनी लहरीच्या रुंदीची दोन मापं उलटसुलट झालेली असायची. सूर तेच, पण गळा वेगळा. म्हणजे अस्सल म्हणून मी जो कानात जपला तो नकली निघाला. असू दे. आज्जाच्या पेटीची काळी तीन पण पावसाळ्यात चिकटायची, आणि तो तिला चुकवून गायचा.