प्लेटलेट किती आल्या?

पावसाळा लागला की आमच्या लॅबच्या खिडकीशी एकच प्रश्न. "ताई, प्लेटलेट किती आल्या?" तापाचा कितवा दिवस, पेशंट पाणी पितो का, लघवी होते का, याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. आकडा पाहिजे, बस.

मागच्या आठवड्यात रात्री दहाला शेजारच्या भाऊंचा व्हॉट्सअ‍ॅप. मुलाचा रिपोर्ट, प्लेटलेट 92 हजार, त्याभोवती पेननं गोल. "बॉटल चढवावी लागते काय जी?" मी म्हटलं, भाऊ, जरा वरच्या ओळी बघा. पांढऱ्या पेशी 2,800. त्यातल्या लिम्फोसाइट 52 टक्के. सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणारा आकडा, फक्त 6. तापाचा चौथा दिवस. तो कागद ओरडून सांगत होता की हे बहुतेक व्हायरल आहे, डेंग्यूची तपासणी करा. आणि पोरानं तोवर मेडिकलवाल्याला विचारून अँटिबायोटिकच्या तीन गोळ्या पोटात घातल्या होत्या. दुसऱ्या दिवशी डेंग्यूची एनएस1 तपासणी पॉझिटिव्ह आली.

मी डॉक्टर नाही, टेक्निशियन आहे. पण इतकी वर्षं जांभळ्या झाकणाच्या ट्यूब हलवल्यावर एवढं कळतं की सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, हिच्याएवढी स्वस्त आणि एवढी अर्धवट वाचली जाणारी तपासणी दुसरी नाही. बॅक्टेरियाचा ताप असला की बहुधा पांढऱ्या पेशी 11 हजारांवर जातात, त्यातल्या न्यूट्रोफिल वाढतात, सीआरपीही चढतो. डेंग्यूसारख्या व्हायरलमध्ये पेशी बहुधा 4 हजारांखाली येतात, आणि त्या अनेकदा प्लेटलेटच्या आधी पडतात. म्हणजे इशारा आधीच मिळालेला असतो, बघणारा हवा.

पण ही दिशा झाली, नाव नाही. टायफॉइड बॅक्टेरियाचा, तरी त्यात पेशी कमी होऊ शकतात. कोविडमध्ये लिम्फोसाइट वाढायच्या ऐवजी घसरायच्या. मलेरियात प्लेटलेट पडतात, बारीक किड्याच्या चाव्यानं होणाऱ्या स्क्रब टायफसमध्येही पडतात. 2018 चा स्क्रब टायफसचा पावसाळा नागपूरकर विसरले नसतील. शेतातून, गवतातून आलेला पेशंट, काखेत नाहीतर जांघेत काळी खपली, आणि आपण "व्हायरल आहे, जाईल आपोआप" म्हणत बसलो तर? डॉक्सीसायक्लीन या अँटिबायोटिकनं बरा होणारा माणूस हातचा जातो. म्हणून कागद माझ्यासारखीला नाही, पेशंटला तपासणाऱ्या डॉक्टरला दाखवा.

उलट टोकही बघते. पहिल्याच दिवशी, ताप येऊन चार तास नाही झाले, तर हजारोंचं "फीवर पॅनल", त्यात टायफॉइडची विडाल तपासणी. पहिल्या दिवशीची सीबीसी अगदी नॉर्मल येऊ शकते, आणि एकट्या विडालवर टायफॉइड ठरवणं मला तरी पटत नाही. त्यापेक्षा साधी सीबीसी करा, डॉक्टरांनी सांगितलं तर एक-दोन दिवसांनी परत करा. डेंग्यूची एनएस1 पहिल्या पाच दिवसांत, आयजीएम ही अँटिबॉडीची तपासणी त्यानंतर. एका फोटोपेक्षा दोन फोटोंत जास्त कळतं.

मशीनचंही ऐकून घ्या. एकदा 38 हजार दाखवले, घरचे रडायला लागले. स्लाइड केली तर प्लेटलेटचे पुंजके झालेले, मशीनला ते मोजताच आले नव्हते. वेगळं रसायन असलेल्या निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये परत रक्त घेतलं, दीड लाखाच्या वर निघाल्या.

आणि तो हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा वाटा, रिपोर्टवर पीसीव्ही लिहिलेला असतो, त्याच्याकडे तर कोणी ढुंकून बघत नाही. डेंग्यूत रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं, रक्त घट्ट होतं, तो आकडा चढतो. प्लेटलेट पडताहेत आणि पीसीव्ही चढतोय, तर पपईच्या पानांचा रस नि किवी शोधत सीताबर्डीचा बाजार पालथा घालू नका, दवाखाना गाठा. आणि हे झिरपणं बहुतेकदा ताप उतरल्यावर, घरचे "आता बरं आहे" म्हणतात तेव्हाच घडतं.

भाऊंचा मुलगा बरा झाला. काल संत्रा बर्फी घेऊन आले होते. विचारलं, गॅलरीतल्या कूलरची टाकी रिकामी केली का?

"नाही नं ताई. मधूनच ऊन पडते, रात्री लावावा लागते."