बंद पडलेला पित्ताचा स्टेंट आणि उष्णतेचा उपचार: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

कर्करोगाने अरुंद झालेल्या पित्तनलिकेत बसवलेली नळी, म्हणजे स्टेंट, तुंबली तर रेडिओफ्रीक्वेन्सी विजेच्या उष्णतेने आतली वाढ भाजून ती मोकळी करण्याबद्दल मी लिहिलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप तीन आहेत. धातूच्या स्टेंटमध्ये वीज सोडणं धोक्याचं आहे, चाचण्यांत या उपचाराचा फायदा दिसलेला नाही, आणि जुन्या स्टेंटमध्ये दुसरा स्टेंट घातला की भागतं. शिवाय खर्चाची तक्रार आहेच.

आधी चाचण्या. चेक प्रजासत्ताकातल्या २०२३ च्या ज्या चाचणीचा तुम्ही दाखला दिलात, तिच्यात रुग्णांचं आयुष्य वाढलं नाही, हे खरं. २०२१ च्या चीनमधल्या १७४ रुग्णांच्या चाचणीत ते (मध्यक आकडा) ९.२ वरून १४.३ महिन्यांवर गेलं, पण स्टेंट मोकळा राहण्याच्या काळात फरक पडला नाही. मात्र दोन्हींमध्ये स्टेंट घालतानाच अरुंद झालेल्या नलिकेला उष्णता दिली होती. आधीच बसवलेला स्टेंट तुंबला तर काय करावं, हा प्रश्न त्यांनी विचारलेलाच नव्हता. त्यामुळे त्यांचा निकाल इथे कोणत्याच बाजूने लावता येत नाही.

खरा मुद्दा स्टेंट कशाने तुंबला हा आहे. आवरण नसलेल्या धातूच्या स्टेंटच्या जाळीतून गाठीची वाढ आत घुसते. आवरण असलेल्या स्टेंटमध्ये ती सहसा घुसत नाही. तिथे पित्ताचा गाळ, आतड्यातून वर आलेलं अन्न किंवा टोकाकडून झालेली वाढ अडथळा करते. गाळ असेल तर बलून (फुगवता येणारी बारीक नळी) फिरवून, सलाइनने धुऊन काढायचा. तिथे उष्णतेचं काहीच काम नाही, आणि अडथळा गाळाचा आहे की वाढीचा हे कळण्याआधीच उष्णता देणारा कॅथेटर (बारीक नळी) उघडणं ही फुकटची उधळपट्टी आहे. इथे तुमच्या खर्चाच्या तक्रारीशी मी पूर्ण सहमत आहे.

वाढ आत घुसलेली असेल तरच पुढचं सगळं. ईआरसीपी करून, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून पित्तनलिकेपर्यंत पोचून, अडथळ्यातून ०.०३५ इंची गाइडवायर (वाट दाखवणारी तार) पार करायची. तीच पलीकडे जात नसेल तर हा उपचार होत नाही. तिच्यावरून उष्णता देणारा हबीब कॅथेटर सरकवायचा: जाडी सुमारे २.६ मिमी, लांबी १.८ मीटर, टोकाजवळ ८ मिमी अंतरावर दोन कड्या. प्रवाह या दोन कड्यांमध्येच फिरतो, म्हणून रुग्णाच्या मांडीला पॅड लावावा लागत नाही. साधारण ७ ते १० वॅट, ९० ते १२० सेकंद. एका वेळी सुमारे अडीच सेंमी भाग भाजला जातो. अडथळा लांब असेल तर थोडा भाग पुन्हा झाकत पुढे जायचं. वीज बंद केल्यावर मिनिटभर थांबायचं, कारण भाजलेली वाढ कडीला चिकटलेली असते आणि घाईने ओढली की रक्त येतं. यकृताच्या दाराशी, जिथे यकृताची धमनी आणि प्रवेशिनी शीर (पोर्टल व्हेन) नलिकेला खेटून असतात, तिथे वॅट कमीच ठेवलेले बरे.

आता धातूचा प्रश्न. तुमची शंका अगदी योग्य आहे. कड्या जाळीला थेट टेकल्या तर प्रवाह वाढीऐवजी धातूतून जातो, विजेला होणारा रोध एकदम पडतो, जनरेटर चूक दाखवून थांबतो आणि वाढ जेमतेम भाजते. म्हणून कड्या आत घुसलेल्या वाढीच्या मधोमध हव्यात, हे क्ष-किरणांखाली पाहूनच वीज सोडायची. मोकळ्या जाळीत सोडायची नाही.

दुसरा स्टेंट हा पर्याय चुकीचा नाही, बहुतेकदा तोच पुरेसा असतो. पण प्रत्येक नव्या स्टेंटने आतली वाट अरुंद होत जाते, आणि धातूच्या ८ ते १० मिमी नळीत घातलेला प्लास्टिकचा जेमतेम ३.३ मिमीचा स्टेंट साधारण तीन महिन्यांत पुन्हा तुंबू शकतो. उष्णतेने आधी जागा मोकळी केली तर नव्या स्टेंटला पसरायला वाव मिळतो. म्हणजे हे बहुधा दोन्ही एकत्र करायचं काम आहे. भाजलेले तुकडे सुटून नलिका लगेच पुन्हा तुंबू नये म्हणून बलूनने साफ करायचं आणि पित्ताला वाट ठेवूनच बाहेर यायचं.

नलिकेत जंतुसंसर्ग पेटलेला असेल तर मात्र आधी निचरा आणि अँटिबायोटिक, उष्णता नंतर. आणि घरी गेल्यावर थंडी वाजून ताप किंवा कावीळ परत आली, पोटात तीव्र दुखलं, काळी शौच किंवा रक्ताची उलटी झाली, तर थांबू नका. धमनीला इजा झाल्यास रक्तस्राव काही दिवसांनी किंवा आठवड्यांनीही सुरू होऊ शकतो. तेव्हा सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन) करून रक्तवाहिनीच्या वाटेने तो बंद करावा लागतो.