इंग्लंडात घर बघताय? मग ते गाव आईला झेपेल का, तेही बघा

इथल्या मराठी ग्रुपांवर दर उन्हाळ्यात एक प्रश्न हमखास येतो : "आम्ही घर घेतोय, कुठलं गाव चांगलं?" उत्तरंही ठरलेली असतात. शाळेचा ऑफस्टेड (सरकारी तपासणीचा) अहवाल बघा, लंडनची ट्रेन किती वेळ घेते बघा, भारतीय किराणा जवळ आहे का बघा, पुढे किंमत वाढेल का बघा. हे सगळं बघायलाच हवं. पण मिडलँड्समध्ये, म्हणजे इंग्लंडच्या मधल्या भागात, इतकी वर्षं काढल्यावर मला वाटतं, या यादीत सगळ्यात वरची गोष्टच कुणी लिहीत नाही. तुमची आई सहा महिन्यांच्या व्हिसावर आली आहे. तिला गाडी चालवता येत नाही, इंग्रजी कामापुरतं, गुडघे कुरकुरतात. तुम्ही ऑफिसला आणि मुलं शाळेत गेल्यावर ती दुपारी एकटी बाहेर पडून, दोन तास मजेत घालवून, आपली आपण घरी येऊ शकते का? ज्या गावात येऊ शकते, ते गाव राहायला चांगलं. मग ते दिसायला कसंही असो.

आणि हे फक्त आपल्या आयांपुरतं नाही. जे गाव माझ्या आईला झेपतं तेच शेजारच्या ऐंशीच्या आजींना झेपतं, बाबागाडी ढकलणाऱ्या बाईला झेपतं, बारा वर्षांच्या मुलाला झेपतं.

आपली बहुतेक मंडळी घर कुठे घेतात? गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत. घर स्वच्छ, गरम, बॉयलर नवा, दारात दोन गाड्यांची जागा. मी स्वतः अशा वसाहतीत राहिले आहे. तिथे आई पहिल्या आठवड्यात उत्साहाने फिरायला निघाली. सगळी घरं सारखी, गल्ल्या वळून वळून बंद होणाऱ्या, वाटेत एक दुकान नाही, एक माणूस नाही. मुख्य रस्त्याला लागलं की पुढच्या राउंडअबाउटपाशी फूटपाथच संपायचा. बस तासाला एक, तीही संध्याकाळनंतर नाही. साताऱ्यात रोज राजवाड्यापर्यंत चक्कर मारून, भाजी घेऊन, चार जणींशी बोलून घरी येणारी ही बाई. इथे ती खिडकीत बसून समोरच्या घरी कुरिअरवाला कधी येतो ते बघायला लागली. "घर छान आहे गं, पण बाहेर जायला 'बाहेर' कुठे आहे?" असं तिने विचारलं तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हे असं आपोआप होत नाही. गावं अशी केली जातात, आणि कधीकधी अगदी चांगल्या हेतूने.

कॉव्हेंट्रीचं उदाहरण घ्या. 14 नोव्हेंबर 1940 च्या रात्री जर्मन बॉम्बहल्ल्यात गावाचा मधला भाग बेचिराख झाला, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण जुन्या गल्ल्या पाडायला गावाने त्याआधीच सुरुवात केली होती. मध्ययुगीन लाकडी घरांची बुचर रो ही गल्ली 1936 मध्येच पाडली गेली. युद्धानंतर शहराचे आर्किटेक्ट डोनाल्ड गिब्सन यांनी 'प्रिसिंक्ट' बांधलं. मोटारींना मज्जाव असलेला, दोन मजली दुकानांचा चौक. ब्रिटनमध्ये तेव्हा ही कल्पना अगदी नवी होती. त्या चौकात उभं राहिलं की जुन्या कॅथीड्रलचा मनोरा बरोबर नजरेच्या रेषेत येतो, तशीच आखणी केली आहे. मला ती जागा मनापासून आवडते. सिमेंटची आहे, जुनाट झाली आहे, तरी आवडते, कारण चालणाऱ्या माणसाचा विचार आधी करून ती बांधली आहे.

आणि मग त्याच गावाने स्वतःभोवती रिंग रोड आवळला. 1974 मध्ये तो पूर्ण झाला. लांबी सुमारे साडेतीन किलोमीटर आणि त्यात नऊ जंक्शन. गाडीतून गेलात तर गावाला दोन-चार मिनिटांत वळसा पडतो. पायी निघालात तर मात्र गावात शिरायला भुयारी वाट नाहीतर पूल. भुयारात दिवे मिणमिणते, कोपऱ्यापलीकडे कोण उभं आहे ते दिसत नाही, वरून गाड्यांचा घरघराट. हिवाळ्यात चार वाजता अंधार पडतो, त्यानंतर तिथून एकटीने जायला मीसुद्धा धजत नाही, आई तर दूरच. स्टेशनवरून गावात जायला हीच तऱ्हा होती. 2015 मध्ये रिंग रोडवर रुंद पूल टाकून स्टेशन ते गाव अशी सरळ, जमिनीवरची वाट केली, तेव्हा कुठे माणूस रमतगमत जाऊ लागला. बर्मिंगहॅमनेही तेच केलं होतं. तिथला आतला रिंग रोड 1971 मध्ये राणीच्या हस्ते खुला झाला, आणि तीस-एक वर्षांत शहराने तो तुकड्यातुकड्याने फोडायला घेतला. एका पिढीने अभिमानाने बांधलं, पुढच्या पिढीने पैसे खर्चून पाडलं.

इथे पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराची आठवण होते, आणि त्यांचं आपल्याशी नातंही आहे. 1880 च्या दशकात ते बायकोसह एडिंबरोच्या जुन्या, दाटीवाटीच्या वस्तीत राहायला गेले. त्यांचं म्हणणं असं, की अख्खी वस्ती पाडू नका. अगदी मोडकळीला आलेलं तेवढं काढा, मोकळ्या झालेल्या तुकड्यात बाग करा, भिंती रंगवा, बाकी गल्ली जिवंत ठेवा. पुढे 1919 ते 1924 ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक होते. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये त्यांचेच विद्यार्थी, त्यांच्यानंतर विभागाची धुरा घुर्यांनीच घेतली. गेडिस यांचं ऐकलं असतं तर मिडलँड्सची अर्धी गावं आज वेगळी असती, असं मला राहून राहून वाटतं.

आता जिथे आई खूश होती त्या गावाबद्दल. श्रूजबरी. सेव्हर्न नदी गावाला जवळजवळ पूर्ण विळखा घालते, त्यामुळे गाव आपोआप आटोपशीर राहिलं आहे. स्टेशनातून बाहेर आलं की शेजारीच किल्ला आणि थोडा चढ चढलं की बाजार. जुन्या लाकडी घरांमधून बोळ काढलेले आहेत, एका रस्त्यावरून दुसऱ्या रस्त्यावर झटकन जाता येतं. हे सगळं पर्यटकांच्या पुस्तकात असतंच. मला सांगायचं आहे ते तिथल्या मार्केट हॉलबद्दल. ही इमारत 1965 ची. विटा, काँक्रीट आणि उंच घड्याळाचा मनोरा. सुंदर म्हणून कुणी तिचा फोटो काढणार नाही. पण ब्रिटनमधला सगळ्यात आवडता बाजार म्हणून तिला पुन्हा पुन्हा मान मिळाला आहे, आणि आत गेलं की का ते कळतं. एका ठेल्यावर मासळी, बाजूला चीज, पलीकडे जुनी पुस्तकं, मध्येच कुणीतरी गरम नूडल्स करतंय. बसायला टेबलं आहेत, लोक अनोळखी माणसाशेजारी बसून खातात. आईने मासळीवाल्याकडे बोट दाखवून मॅकरल घेतले, "बांगडेच की हे!" म्हणाली. त्याने साफ कसे करू विचारलं, तिने हाताने डोकं उडवून दाखवलं, दोघं हसले. तिथून उताराने नदीकाठच्या क्वारी पार्कात गेलो. भरपूर बाकडी आणि मधोमध डिंगल नावाची खोलगट फुलबाग. ती पर्सी थ्रोअर यांनी फुलवली, पुढे ते टीव्हीवर बागकामाचे गुरुजी म्हणून देशभर ओळखले गेले. नदी पावसाळी दिवसांत काठ सोडून रस्त्यावर येते, हा त्या गावाचा खराखुरा त्रास आहे, तिथे घर घेणाऱ्याने पुराचा नकाशा बघितल्याशिवाय पाऊल टाकू नये. तरीही मला ते गाव हवंहवंसं वाटतं.

लेस्टरमध्येही असाच एक तुकडा आहे, आणि तिथे वर्षानुवर्षं राहणाऱ्या आपल्या लोकांनाही तो माहीत नसतो. न्यू वॉक. 1785 मध्ये खास पायी फिरण्यासाठी आखलेला, जवळपास मैलभर लांबीचा, दोन्ही बाजूंना झाडांचा रस्ता. बेलग्रेव्ह रोडला साड्या आणि दागिन्यांसाठी जाता तेव्हा एकदा तिकडेही जा.

जुनी घरं, दगडी चर्च, खिडक्यांत फुलांच्या परड्या यावर गाव जोखणाऱ्यांशी माझं पटत नाही. कॉर्नवॉलमधलं सेंट आयव्ह्ज बघा. समुद्र निळाशार, गल्ल्या चित्रातल्यासारख्या. पण दारांशी नीट बघितलं तर एकामागून एक किल्ल्यांच्या छोट्या पेट्या लावलेल्या दिसतात, आकडा दाबून सुट्टीपुरत्या आलेल्या पाहुण्याने किल्ली घ्यायची. म्हणजे त्या घरात कायमचं कुणी राहत नाही. 2016 मध्ये तिथल्या लोकांनी सार्वमत घेऊन प्रचंड बहुमताने ठरवलं की नवीन घरं कायम राहणाऱ्यांनाच मिळावीत. दोन दिवस भेट द्यायला छान असलेलं गाव राहायला छान असेलच असं नाही, आणि उलटही खरं आहे.

आता ज्या गोष्टी मालमत्तेच्या जाहिरातीत कधीच नसतात त्यांच्याविषयी बोलते, कारण माझा खरा राग तिथे आहे.

पहिली, संडास. मोकळेपणाने लिहिते. माझी आई रक्तदाबाची गोळी घेते. बाहेर पडायचं असलं की सकाळचा चहा ती अर्धाच पिते, पाणी तर घेतच नाही. "तिकडे सोय असेल-नसेल." या देशात सार्वजनिक स्वच्छतागृहं बांधायचा अधिकार कौन्सिलला (स्थानिक पालिकेला) आहे, 1936 च्या कायद्यापासून आहे, पण बांधलीच पाहिजेत असं बंधन नाही. मग पैसे कमी पडले की पहिली कुलपं तिथेच लागतात. गावात म्हातारी माणसं दिसत नाहीत अशी तक्रार करायची आणि त्यांना दोन तास बाहेर राहणं अशक्य करून ठेवायचं, हे मला सहन होत नाही.

दुसरी, बाकडी. पोरं टवाळक्या करतात, दारुडे झोपतात म्हणून बाकडी काढतात, नाहीतर मध्ये लोखंडी दांडे घालतात. बसस्टॉपवर तर तिरकी फळी, जिच्यावर फक्त टेकता येतं. गुडघेदुखीच्या माणसाने टेकून काय करायचं?

तिसरी, लायब्ररी. हिवाळ्यातल्या ओल्या, काळोख्या दुपारी एक पैसा न देता ऊबेत बसता येईल अशी गावातली ही शेवटची जागा. आई तिथे गुजराती आणि हिंदी मासिकं चाळायची, तान्ह्या बाळांची बडबडगीतं चालू असली की मागे उभी राहून टाळ्या वाजवायची. लायब्ररी देणं हे 1964 च्या कायद्याने कौन्सिलचं कर्तव्य आहे, तरीही 2010 नंतर देशभरात शेकडो बंद झाल्या किंवा त्यांचे तास कापले गेले. बर्मिंगहॅमने 2013 मध्ये देखणी, भली मोठी लायब्ररी उघडली, मलाला युसुफझाईच्या हस्ते, आणि दोन वर्षांत तिचे तास जवळपास निम्म्यावर आणले.

आणि बस. लंडनबाहेर 26 ऑक्टोबर 1986 पासून बससेवा खाजगी कंपन्यांसाठी खुली केली. ज्या मार्गावर नफा तिथे बसच बस, बाकी गावाची संध्याकाळ कापलेली. त्यामुळे साडेपाचला दुकानांची शटर पडली की माणसंही घरी पळतात आणि हाय स्ट्रीट, म्हणजे गावातला मुख्य बाजाररस्ता, ओस पडतो. उरतात बेटिंगची दुकानं, व्हेपची दुकानं आणि पब. गावाबाहेरच्या मॉलने आधीच अर्धा जीव घेतलेला असतो. मेरी हिल हा मॉल उभा राहिल्यावर शेजारच्या डडलीच्या बाजारपेठेतून मोठी दुकानं एकामागोमाग एक निघून गेली, ती जखम अजून भरलेली नाही. ग्रेटर मँचेस्टरने मात्र 2023 ते 2025 मध्ये सगळ्या बस पुन्हा सार्वजनिक नियंत्रणाखाली आणल्या. पिवळ्या बस, एकच तिकीट. म्हणजे हे करता येतं.

सुरक्षिततेबद्दलही दोन शब्द. 2024 च्या ऑगस्टमध्ये साउथपोर्टमधल्या लहान मुलींवरच्या चाकूहल्ल्यानंतर गावोगावी स्थलांतरितांविरुद्ध दंगली उसळल्या, त्या आठवड्यात आमच्या घरातून कुणी गावात गेलं नाही. ती भीती खरी होती आणि ती विसरायला सांगणाऱ्यांचं मी ऐकणार नाही. पण त्यानंतर आईला पहिल्यांदा हाक मारली ती बसच्या ड्रायव्हरने. "यू ऑल राइट, मी डक?" म्हणजे, बरं आहे ना? आमच्या भागात अनोळखी माणसालाही असंच म्हणतात. ती रोज त्याच बसने जायची म्हणून तो तिला ओळखत होता. अशी ओळख गाडीत काच वर करून बसल्यावर होत नाही.

म्हणून घर बघायला जाल तेव्हा रविवारी दुपारी एजंटच्या वेळेला एकदा जाऊन थांबू नका. मंगळवारी संध्याकाळी सहाला स्टेशनवर किंवा बसस्टॉपवर उतरा आणि त्या घरापर्यंत चालत जा. वाटेत किती वेळा रस्ता ओलांडायला थांबावं लागलं, कुठे बसता आलं, किती माणसं भेटली, ते बघा. मला त्यातून घराच्या सर्व्हेच्या अहवालापेक्षा जास्त कळतं.

आणि राहायला लागलात की कौन्सिलच्या पत्रांकडे दुर्लक्ष करू नका. लायब्ररीचे तास, बसमार्ग, नवीन वसाहत, सगळ्यावर हरकती मागवतात. बांधकामाच्या अर्जावर मत द्यायला साधारण 21 दिवस मिळतात. आपली माणसं शाळेच्या प्रवेशासाठी रात्ररात्र फॉर्म भरतात, हा हरकतीचा फॉर्म मात्र कुणी भरत नाही. शिवाय अनेकांना अजूनही माहीत नाही : कायदेशीर वास्तव्य असलेल्या भारतीय नागरिकाला, राष्ट्रकुलातला म्हणून, इथे मतदान करता येतं. ब्रिटिश पासपोर्टची वाट बघायची गरज नाही. नाव ऑनलाइन पाच मिनिटांत नोंदवता येतं, आणि मतदान केंद्रावर ओळखपत्र म्हणून आपला निळा भारतीय पासपोर्ट चालतो.